आवाजाची जात ओळखताना: पल्ला, सांधा आणि मुक्काम

गाणे शिकायला लागून दोन-चार महिने झाले की प्रश्न पडतोच. माझा आवाज कुठला? पाश्चात्त्य गायकीतल्या नावांनी सांगायचे तर टेनर की बॅरिटोन (पुरुषांचा उंच की मधला)? सोप्रानो की मेझो (स्त्रियांचा उंच की मधला)? बहुतेक जण मग पेटीसमोर किंवा कीबोर्डसमोर बसतात, सगळ्यात वरचा सूर कुठवर गाठता येतो ते बघतात आणि स्वतःला नाव देऊन मोकळे होतात. उडी मारून हात कुठे पोचला यावरून कोणी माणसाची उंची सांगत नाही, पण आवाजाच्या बाबतीत हे सर्रास होते. आवाजाची जात कळते ती तो कुठे सहज राहतो आणि वर चढताना कुठे वळण घेतो यावरून. टोकाचे सूर हा त्यातला सगळ्यात कच्चा पुरावा.

चुकीचे नाव लागले तर बिघडते काय, असे वाटू शकते. बॅरिटोन आवाजाचा मुलगा वृंदगायनात टेनरच्या ओळीत वर्षभर उभा राहिला, तर तो वरचे सूर मानेच्या जोरावर काढायला शिकतो. हनुवटी वर जाते, जीभ मागे ओढली जाते, प्रत्येक तालमीनंतर आवाज बसतो. उलट, वर जायचे तंत्रच अजून आले नाही म्हणून सोप्रानोला ऑल्टोत, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या ओळीत, बसवले, तर ती छातीतला आवाज ताणत राहते आणि वरचा भाग वापरलाच न गेल्याने कच्चा राहतो. दोन्हीकडे सवय लागायला गेलेल्या वेळेपेक्षा ती मोडायला जास्त वेळ जातो. म्हणून नाव लावण्याची घाई नको, आणि लावायचे तर नीट तपासून.

आधी सुरांचे पत्ते

सगळा घोळ सप्तकाच्या आकड्यांत होतो, तेव्हा ते आधी पक्के करू. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर डावीकडून चौथा सी आणि ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर तिसरा सी, हा मधला सी. त्याला सी-४ म्हणतात आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६२ असते. आकडा सी या सुरावर बदलतो, ए वर नाही. म्हणजे सी-४ च्या अगदी डावीकडची पट्टी बी-३ आणि सी-४ च्या वरचा ए हा ए-४. पेटीची भाषा जवळची असेल तर सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. काळ्यांमध्ये सी-शार्प काळी एक, डी-शार्प काळी दोन, एफ-शार्प काळी तीन, जी-शार्प काळी चार, ए-शार्प काळी पाच.

पेटीवर तपासणार असाल तर एक काळजी घ्या. पेटीत एकाच पट्टीला दोन-तीन सप्तकांचे सूर एकदम वाजतात, आणि तुम्ही त्यातल्या कुठल्याशी आवाज मिळवलात ते कानाला कळत नाही. सुरांचा एकच संच उघडा ठेवा, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) बंद करा. नाहीतर सरळ फोनवरचे ट्यूनर ॲप वापरा, ते सुराबरोबर सप्तकाचा आकडाही दाखवते.

पुरुषांची नेहमीची चूक अशी की स्त्रीच्या आवाजातला किंवा कीबोर्डवरचा ए-४ ऐकून ते नकळत एक सप्तक खाली, ए-३ वर आवाज लावतात आणि वहीत ए-४ लिहितात. त्यात भर म्हणून टेनरची स्वरलिपी बहुधा प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिलेली असते आणि गिटारचीही तशीच. 'मला सी-६ येतो' म्हणणाऱ्या नवख्या पुरुषाचा सूर तपासला तर तो बहुतेक वेळा सी-५ निघतो, तोही पोकळ आवाजात.

सहा जाती आणि चार ओळी

पाश्चात्त्य गायकीत मुख्य जाती सहा मानल्या जातात: खालच्या यादीतल्या पहिल्या तीन स्त्रियांच्या, पुढच्या तीन पुरुषांच्या, दोन्ही उंच आवाजाकडून खालच्याकडे. शिकलेल्या गायकाकडून त्या त्या जातीत साधारण दोन सप्तकांची अपेक्षा असते:

सोप्रानो: सी-४ ते सी-६
मेझो-सोप्रानो: ए-३ ते ए-५
कॉन्ट्राल्टो: एफ-३ ते एफ-५
टेनर: सी-३ ते सी-५
बॅरिटोन: जी-२ ते जी-४
बेस: ई-२ ते ई-४

पुस्तकागणिक यात एक-दोन सुरांचा फरक सापडेल, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. शेजारच्या दोन जातींचे पल्ले एकमेकांवर किती पडतात ते मात्र नीट बघा. टेनर आणि बॅरिटोन यांच्यात सी-३ ते जी-४ असे दीड सप्तक सामाईक आहे. दोघेही तेच सूर गातात, मग नुसत्या पल्ल्यावरून जात कशी कळणार? नवख्या गायकाचा वापरण्याजोगा पल्ला तर जेमतेम दीड सप्तकाचा असतो. म्हणजे वरच्या यादीत तो तीन ठिकाणी बसू शकतो.

या सहांशिवाय काउंटरटेनर नावाचा प्रकार आहे. हा पुरुष हलक्या, वरच्या आवाजाला रियाजाने कस आणून स्त्रियांच्या खालच्या पट्टीत गातो. बोलताना तोच माणूस साधारणपणे बॅरिटोन किंवा टेनर असतो.

वृंदगायनात सहा जाती नसतात, चार ओळी असतात: सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बेस. गोंधळाचे मूळ इथे आहे. बहुतेक स्त्रियांचे आवाज मेझो असतात आणि बहुतेक पुरुषांचे बॅरिटोन, आणि चार ओळींत नेमकी याच दोघांना स्वतःची जागा नाही. मग मेझोला वर ढकलून सोप्रानोत किंवा खाली ओढून ऑल्टोत बसवतात आणि बॅरिटोनला टेनरमध्ये किंवा बेसमध्ये. अनेकदा ज्या बाईला स्वरलिपी चांगली वाचता येते तिला ऑल्टोत पाठवतात, कारण मधली ओळ धरून ठेवणे अवघड असते. टेनर कमी पडले की वर जाऊ शकणाऱ्या बॅरिटोनला बोलावणे येते. गटाच्या गरजेपुरते हे ठीक आहे. पण 'मी ऑल्टोत गाते' यावरून 'माझा आवाज कॉन्ट्राल्टो' असा निष्कर्ष निघत नाही. ओळ म्हणजे बसायची जागा, जात म्हणजे आवाजाची घडण. खरा कॉन्ट्राल्टो फार विरळा असतो.

ऑल्टो या शब्दाचा मूळ अर्थ 'उंच' आहे, आणि स्त्रियांच्या खालच्या ओळीला हे नाव का, असे कोणालाही वाटेल. जुन्या बहुस्वरी गायनात मुख्य चाल लांब सुरांत धरून ठेवणारा तो टेनर, लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदावरून. त्याच्या वरची ओळ ती ऑल्टो, आणि ती पुरुष गात असत. टेनरपेक्षा उंच म्हणून ऑल्टो. पुढे ती ओळ स्त्रियांकडे आली, नाव तेच राहिले.

शरीर काय ठरवते

पुरुषांच्या स्वररज्जूंची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांच्या साधारण १२.५ ते १७.५ मिलिमीटर असते. लांब आणि जाड रज्जू सावकाश थरथरतात, सूर खाली लागतो. रज्जूंच्या वरची पोकळी, म्हणजे घसा आणि तोंड मिळून, आवाजाचा पोत ठरवते: लांब पोकळी गडद, आखूड पोकळी उजळ. रियाजाने यातले काहीच बदलत नाही. रियाज करतो ते इतकेच की जे आहे ते पूर्ण वापरता येते. म्हणूनच पाच वर्षांच्या तालमीनंतर 'माझा आवाज बदलला' असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा मूळचा आवाज पहिल्यांदा मोकळा झालेला असतो.

तपासणी कधी करायची, कधी नाही

सर्दी, खोकला, जागरण, आदल्या दिवशीची आरडाओरड, यांपैकी काही असेल तर तपासणी पुढे ढकला. उठल्यापासून दोन तास तरी जाऊ द्या. सकाळी रज्जू किंचित सुजलेले आणि सैल असतात, त्यामुळे आवाज दोन-तीन सुरांनी खाली जातो आणि भलताच खर्ज लागल्याचा आनंद होतो. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकाच वेळेला तपासा. एका दिवसाचे आकडे धरू नका.

लागणारे सामान थोडे: कीबोर्ड किंवा ट्यूनर, रेकॉर्डिंग करणारा फोन, वही आणि पाण्याचा पेला. फोन तोंडापासून साधारण एक मीटर लांब ठेवा. जवळ धरलात तर आवाज फुगीर, भारदस्त ऐकू येतो आणि पोत ओळखताना फसगत होते.

सुरुवातीला दहा मिनिटे गळा तापवा. ओठ फुरफुरवत 'सा रे ग म प म ग रे सा', मग तोंड मिटून गुणगुणत तेच, मग 'ऊ' वर. मधल्या पट्टीत सुरू करून अर्ध्या-अर्ध्या सुराने, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून लगतच्या पट्टीने, वर आणि खाली जा. जोर लावू नका.

पहिली पायरी: बोलण्याचा सूर

नेहमीच्या आवाजात एक ते वीस आकडे म्हणा आणि रेकॉर्ड करा. मधलाच एखादा आकडा लांबवा, म्हणजे 'बा~रा', आणि ट्यूनरवर सूर बघा. दोन-तीन आकड्यांवर हेच करा. हा सूर गाण्याच्या सगळ्यात खालच्या सुराच्या साधारण तीन ते पाच अर्ध्या सुरांवर असतो.

याला फार वजन देऊ नका. अनेक जण भारदस्त वाटावे म्हणून आवाज दाबून बोलतात, काही जणी सवयीने वरच्या पट्टीत बोलतात. 'हं, बरोबर' असा सहज होकार देताना जो सूर निघतो तो जास्त खरा असतो. दोन्ही लिहून ठेवा. त्यांच्यात चार-पाच सुरांचा फरक निघाला तर बोलण्याच्या सवयीत काहीतरी गडबड आहे.

दुसरी पायरी: पल्ला

सहज लागणाऱ्या सुरापासून 'प म ग रे सा' असे 'आ' वर उतरत या, प्रत्येक वेळी अर्धा सूर खाली. प्रत्येक शेवटचा सूर चार सेकंद धरा. जिथपर्यंत मध्यम जोरात सूर स्वच्छ आणि स्थिर राहतो, तो तुमचा खालचा सूर. त्याखाली हवा जास्त आणि सूर कमी होतो, आणि त्याखाली दार करकरल्यासारखा आवाज येतो. ही करकर पल्ल्यात धरत नाहीत. 'मला सी-२ येतो' असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तो सूर या करकरीतला असतो.

वर जाताना 'सा रे ग म प म ग रे सा' म्हणत अर्ध्या सुराने चढा. वहीत तीन खुणा करा. सूर भरीव आणि बिनत्रासाचा असेल तर बरोबरची खूण. लागला पण ओढून, तर बाण. पुरुषांत आवाज एकदम हलका, पोकळ, बासरीसारखा झाला, किंवा स्त्रियांत शिट्टीसारखा बारीक झाला, तर गोल. बाण तीनदा आले की थांबा. चौथा सूर काढून दाखवण्यात माहिती काहीच मिळत नाही, घसा मात्र दुखतो.

तिसरी पायरी: सांधा

सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि नवखे नेमकी हीच टाळतात, कारण इथे आवाज चिरकतो आणि लाज वाटते. चिरकू द्या. तो चिरकतो कुठे, हेच तर शोधायचे आहे.

खालच्या आवाजात रज्जू जाड होऊन थरथरतात, वर जाताना ते ताणले जाऊन पातळ होतात. एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याच्या जागेला इथे सांधा म्हणू. प्रत्येक जातीचा सांधा ठरावीक टप्प्यात पडतो आणि वरच्या सुरांसारखा तो रियाजाने फारसा सरकत नाही. रियाजाने तो ऐकू येईनासा होतो, एवढेच. म्हणून नवख्या आवाजात, जिथे तो उघडा असतो, तो शोधणे सोपे.

पुरुषांत दोन सांधे असतात. पहिल्यावर उघडा 'आ' हाक मारल्यासारखा व्हायला लागतो, आणि तसाच चढत राहिलात तर दुसऱ्यावर एकतर ओरड होते, नाहीतर आवाज उलटून पोकळ होतो. दोघांत साधारण पाच अर्ध्या सुरांचे अंतर असते. टेनरचे सांधे डी-४ आणि जी-४ च्या आसपास, बॅरिटोनचे बी-३ आणि ई-४ च्या आसपास, बेसचे जी-३ आणि सी-४ च्या आसपास. एखादा सूर इकडेतिकडे होणारच.

स्त्रियांत खालचा सांधा सगळ्यांचा जवळपास एकाच भागात, डी-शार्प-४ ते जी-४ मध्ये पडतो, म्हणून जात ओळखायला तो फारसा उपयोगी नाही. वरचा सांधा बघा: सोप्रानोत एफ-शार्प-५, मेझोत ई-५, कॉन्ट्राल्टोत डी-५ च्या सुमारास. अंतर थोडेच आहे, त्यामुळे घाईने ठरवू नका.

शोधायचे असे. पुरुषांनी सी-३ पासून, स्त्रियांनी ए-४ पासून 'आ' वर पाच सुरांची चढ-उतार अर्ध्या-अर्ध्या सुराने वर न्या. मध्यम जोर ठेवा आणि तोंडाचा आकार मुद्दाम बदलू नका. एक बोट हलकेच कंठमण्यावर ठेवा. ज्या सुरावर तो झटकन वर उडी घेतो, हनुवटी उचलली जाते किंवा 'आ' चा 'ॲ' होतो, तो सूर लिहा. मग उलट बाजूने या: वरच्या हलक्या आवाजात 'ऊ' धरून मींडेसारखे सावकाश खाली घसरा आणि आवाज कुठे 'बसतो' ते ऐका. चढतानाचा आणि उतरतानाचा सूर एकच येत नाही, दोन-तीन अर्ध्या सुरांचा फरक पडतो, कारण स्नायू आधीची पकड लगेच सोडत नाहीत. दोन्हींच्या मधली जागा धरा. हळू गायलात तर आवाज लवकर उलटतो, जोरात गायलात तर उशिरा. म्हणून तिन्ही दिवशी जोर सारखा हवा.

चौथी पायरी: मुक्काम

सूर लागणे वेगळे आणि त्या सुरांत अर्धा तास शब्द गाणे वेगळे. ज्या भागात आवाज न थकता, शब्द स्पष्ट ठेवून राहतो त्याला मुक्काम म्हणू.

एक सप्तकाचा पल्ला असलेले, पाठ झालेले सोपे गाणे घ्या, षड्जापासून तार षड्जापर्यंतचे. पुरुषांनी षड्ज बी-२, सी-शार्प-३, डी-शार्प-३ आणि एफ-३ असा बदलत, स्त्रियांनी जी-३, ए-३, बी-३ आणि सी-शार्प-४ असा बदलत ते गायचे. प्रत्येक पट्टीत सलग तीनदा, मग पाच मिनिटे गप्प. एका दिवशी दोनच पट्ट्या करा, नाहीतर थकवा कुठल्या पट्टीचा ते कळणार नाही.

काय बघायचे? तिसऱ्या वेळी वरच्या सुरांवरचे 'इ' आणि 'उ' अजून ओळखू येतात का. खालच्या ओळींचे शेवटचे शब्द ऐकू येतात का, की हवेत विरतात. गाऊन झाल्यावर खाकरावेसे वाटते का. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलताना आवाज जड आहे का. ज्या पट्टीत यांपैकी काही होत नाही, तिथे तुमचा मुक्काम.

पोत, शेवटी आणि जपून

रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका. स्वतःचा आवाज स्वतःला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून गाताना तो नेहमी जास्त भरदार वाटतो. डी-४ च्या आसपासचा सूर पुरुषांच्या जाती ओळखायला चांगला: बॅरिटोनमध्ये तो तापलेला, ताकद लावलेला ऐकू येतो, टेनरमध्ये अजून बोलण्यासारखा सोपा.

पोत शेवटी ठेवण्याचे कारण असे की तो नक्कल करून बनवता येतो. जीभ मागे दाबली, स्वरयंत्र खाली ढकलले की कोणताही आवाज गडद होतो. आवडत्या गायकासारखे गाता गाता ही सवय कधी लागली ते कळतही नाही. 'गडद म्हणून बेस' किंवा 'गडद म्हणून कॉन्ट्राल्टो' असे ठरवण्याआधी जीभ खालच्या दातांना टेकवून तीच ओळ पुन्हा गा. गडदपणा गेला तर तो आवाजाचा नव्हता.

वहीचे एक पान

तीन दिवसांनंतर एखाद्या पुरुषाच्या वहीत असे दिसू शकेल: बोलण्याचा सूर बी-२, होकाराचा सी-३. खाली जी-२ स्वच्छ, एफ-२ हवेचा, ई-२ करकर. वर ई-४ पर्यंत बरोबरच्या खुणा, एफ-४ आणि एफ-शार्प-४ वर बाण, त्यापुढे बी-४ पर्यंत गोल. पहिला सांधा दोनदा सी-४, एकदा बी-३. दुसरा ई-४ किंवा एफ-४. मुक्काम डी-३ ते बी-३.

हा बॅरिटोन. पोकळ बी-४ मोजला असता तर तो टेनर ठरला असता, करकरणारा ई-२ मोजला असता तर बेस. एकाच वहीतून तीन उत्तरे निघतात, म्हणून कुठल्या खुणेला किती वजन द्यायचे ते महत्त्वाचे. सांधा आणि मुक्काम एकाच जातीकडे बोट दाखवत असतील तर ती तात्पुरती धरा. दोघांत मतभेद असेल तर नाव लावूच नका. 'मधला आवाज' एवढे म्हणून मधल्या पट्टीत रियाज चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. मधल्या पट्टीत गाऊन कोणाचा आवाज बिघडलेला नाही.

वय आणि घाई

मुलांचा आवाज साधारण १२ ते १५ या वयात फुटतो आणि जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच, त्यामुळे तो बदल लक्षात येत नाही. आवाज फुटत असताना मुलाचा पल्ला कधी कधी पाच-सहा सुरांवर येतो आणि महिन्या-महिन्याला सरकतो. या काळात गाणे थांबवायची गरज नाही, फक्त जे सूर सहज लागतात तेवढ्यातच गाऊ द्या आणि टेनर-बेसचे शिक्के मारू नका. सोळा वर्षांच्या मुलाला वर जाता येत नाही म्हणून 'बेस' म्हणणे ही तर अगदी नेहमीची चूक. त्याला सांधा ओलांडायचे तंत्र अजून आलेले नसते, इतकेच.

पूर्ण वाढ झालेल्यांच्या बाबतीतही चुका होतात. इटालियन गायक कार्लो बेर्गोन्झी १९४८ मध्ये बॅरिटोन म्हणून रंगमंचावर आले आणि १९५१ पासून टेनर म्हणून गाऊ लागले. डेन्मार्कचे लाउरिट्झ मेल्खिओर यांचे पदार्पण १९१३ मध्ये बॅरिटोन म्हणून झाले, १९१८ मध्ये ते टेनर झाले आणि पुढे जर्मन संगीतकार वॅग्नरच्या सर्वांत जड टेनर भूमिकांसाठी ओळखले गेले. शिकवणाऱ्या कानांनाही वेळ लागतो तो असा.

उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, स्त्रियांचा आवाज थोडा खाली येतो. टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराने रज्जू जाड होऊन आवाज उतरतो, इस्ट्रोजेनने मात्र तो वर जात नाही. त्यामुळे गायकाला स्त्री-पुरुष असे आधी विचारून मग ओळ देण्यापेक्षा सरळ सूर तपासून ओळ देणे कधीही चांगले.

ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांत, या सहा जातींचे आणखी पोटभेद करतात: हलका लिरिक, जड ड्रामॅटिक, चपळ ताना घेणारा कोलोरातुरा. जर्मन नाट्यगृहांत त्यावरून गायकाने कुठल्या भूमिका करायच्या ते ठरते. मोझार्टच्या १७९१ मधल्या 'द मॅजिक फ्लूट' या एकाच ऑपेरात रात्रीच्या राणीच्या भूमिकेला एफ-६ गावा लागतो आणि झारास्त्रोच्या भूमिकेला एफ-२, म्हणजे दोघांत चार सप्तकांचे अंतर. नवख्याने या पोटभेदांत शिरू नये. जड आवाज तिशीपर्यंत पक्व होत राहतात.

नावाचा उपयोग कुठे

एकट्याने गाताना, जिथे षड्ज आपला आपण धरायचा असतो, तिथे जातीच्या नावाला फारसे काम नाही. माइकसमोर गायच्या सुगम गाण्यालाही नाही. पण तपासणीतल्या आकड्यांना आहे. समजा गाण्याचा पल्ला मंद्र धैवत ते तार गंधार आहे आणि गाणारीचा खालचा सांधा ई-४ वर पडतो. काळी पाचच्या पट्टीत, म्हणजे षड्ज ए-शार्प-३ धरला, तर गाणे जी-३ ते डी-५ मध्ये बसते आणि पंचम एफ-४ वर येतो, सांध्याच्या अर्धा सूर वर. 'थोडे खाली घेऊ, सोपे जाईल' म्हणून पट्टी पांढरी सहा केली की पंचम नेमका सांध्यावर, ई-४ वर येतो. अंतरा पंचमावर ठाण मांडून बसणारा असेल तर सोपे करायला गेलेले गाणे अवघड होते. मग पट्टी आणखी उतरवायची की काळी पाचलाच राहायचे, ते मुक्कामावरून ठरवा.

आवाज नेहमी बसत असेल तर पट्टी दोन-तीन अर्ध्या सुरांनी उतरवून आठवडाभर बघा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर जातीचा विचार बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून रज्जू तपासून घ्या. गाठ किंवा सूज असलेल्या रज्जूंवर काढलेले सगळे आकडे तसेही फुकट जातात.

वृंदगायनाच्या गटात जाताना 'मी बॅरिटोन' किंवा 'मी मेझो' असे सांगण्याऐवजी कागदावर तीन ओळी लिहून न्या: स्वच्छ सूर कुठून कुठे, सांधे कुठे, मुक्काम कुठे. खाली तपासणीची तारीख घाला. गटप्रमुखाला त्यावरून लगेच कळते की तुम्हाला कुठल्या ओळीत किती वेळ उभे करता येईल. पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून हा कागद बदला.